घ्यायचं काही नाही, चला मॉलला

सांगलीहून आत्याचा फोन येतो तेव्हा मागे पोरांचा कालवा आणि रोलर कोस्टरची धडधड ऐकू गेली, की ती माझं 'हॅलो'सुद्धा पुरं होऊ देत नाही. "परत मॉलात? पैसे वर आलेत का गं तुम्हाला?" आत्याच्या लेखी मॉल म्हणजे पैसे उडवायची जागा. आम्ही तिथे फुकट वेळ काढायला जातो, हे मी तिला पुष्कळदा सांगून पाहिलं. "फुकट कुणी एवढी मोठी इमारत बांधतं होय?" हा तिचा सवाल. सवाल रास्त आहे. त्याच्याकडे येतेच पुढे.

आम्ही राहतो अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसच्या दक्षिणेला एका उपनगरात. इथला हिवाळा नोव्हेंबरात येतो आणि एप्रिल निम्मा झाला तरी जायचं नाव घेत नाही. जानेवारीत पारा उणे वीसला टेकला तर त्याची कुणी बातमीही करत नाही. २०१९ च्या जानेवारीअखेर मात्र झाली होती. विमानतळावर उणे ३३ सेल्सिअस, गावोगावच्या शाळा बंद, आणि टपालखात्यानेसुद्धा त्या दिवशी पत्रं वाटायला माणसं पाठवली नाहीत. एरवी आमच्या शाळेचा नियम असा, की तापमान शून्य फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण उणे १८ च्या खाली गेलं तरच मधली सुट्टी वर्गात. उणे पंधरा असेल तर पोरं बाहेर घसरगुंडीवर! या लोकांचं आपल्याला कळत नाही.

अशा हवेत दोन मुलांना बागेत न्यायचं म्हणजे काय असतं ते सांगते. आधी आतले गरम कपडे, मग स्नोपँट, मग बूट, मग जॅकेट, टोपी, गळपट्टा, शेवटी मिटन्स, म्हणजे हातमोजे. दुसऱ्याच्या मिटन्सपर्यंत पोहोचेतो पहिलीला शू लागलेली असते. एवढं करून बाहेर पडलो, तर पाच-दहा मिनिटांत धाकट्याची एक मिटन बर्फात हरवते आणि सगळी वरात घरी. मॉलला जाताना त्यातलं निम्मं वाचतं. तेही सुखासुखी नाही. जाड जॅकेट घालून मुलाला कारसीटमध्ये बसवू नये असं इथे सगळे बजावतात. अपघाताच्या धक्क्याने जॅकेटमधला फुगवटा दबतो, पट्टा सैल पडतो आणि मूल त्यातून निसटू शकतं. म्हणजे जॅकेट घरात चढवायचं, गाडीत उतरवायचं, मुलावर पांघरूण टाकायचं. पण मॉल ऑफ अमेरिकाला छपराखालचं कित्येक मजली पार्किंग आहे, तेही मोफत. इथे त्याला रँप म्हणतात. रँपमधून दारापर्यंत पोरं नुसत्या स्वेटरवर धूम ठोकतात. जॅकेटं गाडीत, हात मोकळे. मुलांना घेऊन फिरणाऱ्या बाईला मोकळे हात म्हणजे काय चैन असते!

हा मॉल ब्लूमिंग्टनमध्ये, १९९२ साली उघडलेला. दुकानं पाचशेच्या वर, पण आम्हाला दुकानांशी कर्तव्य नाही. मधोमध काचेच्या छताखाली अख्खी जत्रा मांडलीय, निकलोडियन युनिव्हर्स नावाची. पाळण्यात बसायला पैसे पडतात. आत हिंडायला, खऱ्या झाडांखाली बाकावर बसायला आणि वरून जाणाऱ्या लोकांच्या किंकाळ्या ऐकायला काही पडत नाही. झाडांवरची कीड मारायला तिथे विषारी फवारणी करण्याऐवजी लेडीबग सोडतात, लाल पाठीवर काळे ठिपके असलेले. धाकट्याचा एक हिवाळा निव्वळ ते शोधण्यात गेला. बाहेर सगळं पांढरं आणि हा पानं उलटी करकरून किडे बघतोय. कुणी मला विचारलं तुम्ही मॉलमध्ये काय करता, तर खरं उत्तर हे आहे.

दुसरी एक गोष्ट नवऱ्याने वाचून सांगितली, तेव्हापासून तर कहर झाला. या मॉलच्या मधल्या मोठ्या भागाला थंडीतही सेंट्रल हीटिंग नाही. छतातून येणारं ऊन, दिवे आणि माणसांच्या अंगाची ऊब यांवर आत २१ सेल्सिअसच्या आसपास तापमान राहतं. दारांशी तेवढे हीटर आहेत.

"म्हणजे मी पण हीटर?" धाकट्याने विचारलं.

"हो, छोटा हीटर."

मग काय. "पळू नकोस" म्हटलं की उत्तर तयार: "मी थांबलो तर लोकांना थंडी वाजेल."

याच जागी पूर्वी मैदान होतं, मेट्रोपॉलिटन स्टेडियम. मिनेसोटा ट्विन्सचे बेसबॉलचे सामने १९८१ पर्यंत तिथे व्हायचे. फलंदाज जिथे उभा राहायचा, त्या होम प्लेटच्या जागी जत्रेच्या फरशीत एक पाटी बसवली आहे. तिथून दूर, समोरच्या भिंतीवर उंच एक लाल खुर्ची टांगलीय. हार्मन किलब्रू या खेळाडूने १९६७ मध्ये मारलेला चेंडू ५२० फुटांवर जिथे पडला, ती ही जागा. नवरा क्रिकेटमध्ये वाढलेला, त्याला बेसबॉलचं ओ की ठो कळत नाही, पण त्या पाटीवर उभं राहून खुर्चीकडे बघत एक काल्पनिक सिक्सर मारल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. येणारेजाणारे बघतात. थोरली आता बारा वर्षांची झालीय, तिला या प्रकाराची इतकी लाज वाटते की ती आधीच चार दुकानं पुढे निघून गेलेली असते.

खरं तर आमचा नेहमीचा मॉल हा नव्हेच. एडायनामधला साउथडेल घराला जवळ. दिसायला साधा, पाळणेबिळणे काही नाहीत. अमेरिकेतला पहिला पूर्ण बंदिस्त, आतली हवा कायम एकसारखी ठेवणारा मॉल तो हाच, हे मला तिथे वर्षानुवर्षं जाऊनही माहीत नव्हतं. १९५६ साली उघडला. बांधणारे व्हिक्टर ग्रुएन मूळचे व्हिएन्नाचे, ज्यू. १९३८ मध्ये नाझींपासून जीव वाचवून न्यूयॉर्कला आले. अमेरिकेत त्यांना एक गोष्ट खुपायची. माणसं घरातून गाडीत, गाडीतून दुकानात आणि परत गाडीत. वाटेत कुणी कुणाला भेटतच नाही. व्हिएन्नात जसं चौकात हिंडावं, बसावं, कॉफी पीत गप्पा माराव्यात, तशी जागा त्यांना इथे करायची होती. आणि इथली हवा अशी, की खरेदीला बाहेर पडण्याजोगे दिवस वर्षाकाठी जेमतेम १२६ असा त्यांचा हिशोब. म्हणून चौकावर छप्पर. आत झाडं, कारंजं, पक्ष्यांचा मोठा पिंजरा. हॅरी बर्टोया यांनी केलेली सोनेरी धातूची उंच झाडं अजून तिथे उभी आहेत. आमच्या पोरांनी त्यांना 'सोन्याचं झाड' असं नाव ठेवलंय, आणि चुकामूक झाली तर भेटायची ती जागा आहे.

ग्रुएन यांच्या आराखड्यात भोवती घरं, शाळा, दवाखाना, बाग, तळं असं सगळं होतं. त्यांच्या मनातलं पूर्ण गाव काही उभं राहिलं नाही, मॉल तेवढा झाला आणि त्याच्याभोवती पसरलं पार्किंग. मग देशभर त्याच्या नकला निघाल्या. पुढे ते व्हिएन्नाला परत गेले, आणि म्हातारपणी एका भाषणात म्हणाले की या अनौरस पोरांची पोटगी मी भरणार नाही. हे वाचल्यापासून साउथडेलच्या बाकावर बसलं की मला त्यांची आठवण येते. ते ज्याच्यावर एवढे चिडले, त्याच्या आत आम्ही त्यांना हवं होतं तेच तर करत बसलेलो असतो. हिंडतो, बसतो, एक कॉफी दोघांत पितो, कोण भेटतंय का बघतो.

आणि भेटतात लोक. एकदा बुटांच्या दुकानात धाकट्याच्या पायात एक जोडी अडकवून मी नवऱ्याला मोठ्याने म्हणाले, "एवढ्याशा बुटांना इतके पैसे? चार महिन्यांत पाय वाढतो मेल्याचा. हे लोक काय खुळे आहेत का?" परक्या देशात आपल्या भाषेचा हा एक फायदा, कुणाच्याही नाकासमोर काहीही बोलता येतं. तर मागून आवाज आला, "पलीकडच्या रांगेत सेल लागलाय बघा, पाठीमागं." वळून बघते तर पांढऱ्याशुभ्र स्पोर्ट्स शूजमधले एक आजोबा, शेजारी स्वेटरवर शाल घेतलेल्या आजी. इचलकरंजीचे. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. मला आधी जमीन दुभंगली तर बरं असं झालं, पण आजी म्हणाल्या, "खुळेच आहेत की!" त्यांच्या नातवंडांची आणि आमच्या पोरांची आता वर्षभर भांडणं आणि वाढदिवस एकत्र चालतात.

माझे सासू-सासरे पहिल्यांदा आले ते नेमके जानेवारीत. का, तर तेव्हा तिकीट स्वस्त होतं. सासऱ्यांना रोज पहाटे मैलभर चालायची सवय, तीही चाळीस वर्षांची. इथे त्यांनी खिडकीचा पडदा सरकवून बाहेर बघितलं आणि पडदा परत लावला. आठवडाभरात चिडचिड सुरू. मग कळलं की दुकानं उघडायच्या आधीच मॉलची दारं उघडतात आणि चालायला येणाऱ्या म्हाताऱ्यांची तिथे रीघ असते. मॉल ऑफ अमेरिकाच्या एका मजल्याची फेरी ०.५७ मैलाची, म्हणजे किलोमीटरला जरा कमी. तीन मजल्यांवर एकेक फेरी मारली की पावणेतीन किलोमीटर. सासऱ्यांनी पहिल्या दिवशी हे तोंडी हिशोब करून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टोपी घालून सोफ्यावर बसून राहिले, कोण नेतंय त्याची वाट बघत. नवरा ऑफिसला जाता जाता सोडायचा. शनिवारी मुलं बरोबर. चालताना ते पोरांकडून दुकानांच्या पाट्या वाचून घ्यायचे आणि नंतर त्याच अक्षरांचं देवनागरी करून घ्यायचे. रविवारच्या मराठी शाळेत ज्या धाकट्याने 'ळ' काढायला साफ नकार दिलेला, तो आजोबांबरोबर 'मॉल'चा 'ल' की 'ळ' यावर वाद घालायला लागला.

सासूबाईंचं वेगळं. त्यांना चालायचं नव्हतं, भाव विचारायचे होते. प्रत्येक किमतीला ऐंशीने गुणून त्या "अगं बाई!" म्हणायच्या. आणि एक गोष्ट त्यांना शेवटपर्यंत पचली नाही, ती म्हणजे नेलेली वस्तू परत करणं. "वापरून बघून परत? आणि दुकानदार घेतो? भांडत नाही?"

भांडायची हौस त्यांची भागली ती करमेल मॉलमध्ये. मिनिआपोलिसमध्ये सोमाली लोकांची वस्ती अमेरिकेत सगळ्यात मोठी, आणि हा त्यांचा मॉल. माझी ऑफिसातली सोमाली मैत्रीण आम्हाला घेऊन गेली. आत शिरलो आणि सासूबाई थबकल्याच. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना खोक्यांएवढी दुकानं, छतापर्यंत लोंबणारी रंगीत कापडं, शिलाई मशीनवर बसलेले शिंपी, अत्तराचा आणि धुपाचा वास, कुठूनतरी नमाजाची हाक, आणि बोळाच्या मधोमध खुर्ची टाकून गप्पा मारणारे पुरुष. वेलची-दालचिनी घातलेला गोड चहा मिळाला. सांबुसा हातात आल्यावर धाकटा म्हणाला, "हा आपला समोसा आहे." मैत्रीण म्हणाली, "नाही, आमचा." एका ओढणीवरून सासूबाई आणि दुकानदारीण यांच्यात बोटांनी, भुवयांनी आणि दोन वेगळ्या भाषांत जे काही चाललं, त्यात शेवटी कोण जिंकलं मला समजलं नाही. दोघी खुश होत्या. परतताना गाडीत सासूबाई म्हणाल्या, "याला मॉल म्हणायचं असेल तर मला रोज आणा."

माझ्या मते या तिन्ही मॉलांत तसा फार फरक नाही. पहिला मॉल बांधणारा व्हिएन्नाचा, त्यात सोनेरी झाडं लावणारा इटलीत जन्मलेला. मॉल ऑफ अमेरिका ज्या घर्मेझियन कुटुंबाचा, ते मूळचं इराणचं, कॅनडात येऊन वसलेलं. आणि करमेलमधले दुकानदार सोमालियाहून आलेले. बाहेरून आलेल्या माणसाला उठून जायला एक जागा लागते, जिथे कुणी "का आलात" विचारत नाही. हिवाळ्यात ती छपराखाली लागते इतकंच.

पैशाचं म्हणाल, तर आमच्या घरात मॉलच्या दारात एक वाक्य बोलायचं असतं: "बघायचं, घ्यायचं नाही." ते सगळ्यांनी, नवऱ्यानेसुद्धा. एखादी गोष्ट फारच आवडली तर फोनवर तिचा फोटो काढायचा. वाढदिवस आला की त्या फोटोंतून एक निवडायचं. बहुतेक फोटोंकडे बघून धाकटा म्हणतो, "हे कुणी काढलं?" थोरली या प्रकरणातून कर शिकली. भारतात पाकिटावर छापलेली किंमत म्हणजे सगळं धरून. इथे पाटीवर एक आणि गल्ल्यावर दुसरीच, कारण विक्रीकर नंतर लागतो. पण मिनेसोटात रोजच्या कपड्यांवर आणि बुटांवर तो कर नाही, म्हणून शेजारच्या राज्यांतले लोक इथे येऊन कपडे नेतात. खेळण्यांवर आहे. साठवलेले पैसे नेमके तेवढेच घेऊन गेलेली ती गल्ल्यावर कमी पडल्यावर माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्या नजरेला मी बधले नाही. पुढच्या खेपेला घरूनच हिशोब करून आली.

आता आत्याचा सवाल. फुकट कुणी बांधत नाही, बरोबर आहे. या चौकाला मालक आहे. मॉल ऑफ अमेरिकात काही मंडळींनी फरच्या कपड्यांविरुद्ध निदर्शनं केली होती, त्यांच्यावर खटला झाला. १९९९ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मॉल उभा राहताना सरकारी पैशाचा हातभार लागलेला असला तरी ती खाजगी मालमत्ता आहे, राज्यघटनेतलं भाषणस्वातंत्र्य तिथे मालकाच्या आड येत नाही. म्हणजे बसा, हिंडा, किडे शोधा, पण कुणाला नको असलेलं काही म्हणायचं असेल तर बाहेर, उणे वीसमध्ये. सार्वजनिक वाचनालयं इथे फार चांगली आहेत, तीही फुकट, आम्ही जातोच. पण सात वर्षांच्या हीटरला वाचनालयात किती वेळ कोंडणार?

हा मालक थोरलीला यंदा पहिल्यांदा टोचला. तिला मैत्रिणींबरोबर एकटीने मॉलला जायचंय. नियम असा की दुपारी तीननंतर सोळा वर्षांखालच्या मुलांबरोबर एकवीस वर्षांवरचं कुणीतरी हवं. हे बंधन १९९६ मध्ये आलं तेव्हा फक्त शुक्रवार-शनिवार संध्याकाळपुरतं होतं, आता रोज आहे. तिचं म्हणणं, हे अन्यायाचं आहे, आम्ही काय चोर आहोत? मला ते पटतं. सांगलीत तिच्या वयाची असताना मी गणपतीच्या देवळापासून मारुती चौकापर्यंत एकटी भटकायचे, कुणी ओळखपत्र विचारलं नाही. पण आई म्हणून त्या नियमाचा मला मनातून आधारही वाटतो, आणि हे मी तिला सांगणार नाही.

बरीच खडाजंगी होऊन तह झालाय तो असा. त्या तिघी पुढे, मी मागे. किमान दोन दुकानांचं अंतर. त्यांच्या मजल्यावर यायचं, पण त्यांच्या दुकानात यायचं नाही. हाक मारायची झाली तर तिच्या घरच्या लाडक्या नावाने मारायची नाही. रखवालदाराने विचारलं तरच मी ओळख दाखवायची. आणि बाबांनी त्या दिवशी होम प्लेटच्या आसपास फिरकायचं नाही. शेवटच्या कलमावर नवऱ्याची सही अजून बाकी आहे.